खेचरं, एक रूळ आणि चाकांवरचं घर

दिल्लीची पोस्टिंग आली की घरच्यांना सगळ्यात आधी सरोजिनी नगर आठवतं. कारण अर्थातच मार्केट! एक्स्पोर्टमध्ये नापास झालेला, टॅग कापलेला माल तिथे ढिगात मिळतो, आणि पुण्या-साताऱ्याहून आलेला एकही पाहुणा मी तिथून रिकाम्या हाताने परतलेला पाहिलेला नाही. पण या वस्तीला दुसरीही एक ओळख आहे, जी खरेदीच्या पिशव्यांमागे झाकली जाते. सरोजिनी नगरच्या कडेने दिल्लीची रिंग रेल्वे जाते. १९७५ साली मालगाड्यांसाठी टाकलेली आणि १९८२ च्या आशियाई खेळांसाठी सुधारलेली ही लाईन. तिच्यावर 'सरोजिनी नगर' नावाचं छोटंसं हॉल्ट आहे, आणि शेजारीच दिल्ली सफदरजंग स्टेशन. राजस्थानची 'पॅलेस ऑन व्हील्स' तिथूनच सुटते. तिथून दोन-तीन किलोमीटरवर चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याची पायाभरणी केली आणि १ फेब्रुवारी १९७७ ला ते लोकांसाठी खुलं झालं.

या लेखाचा विषय आहे जुनी गाडी पुन्हा उभी करणं. भंगारातून निघालेले भाग आणि नव्याने घडवलेले भाग एकत्र करून एखादं जुनं वाहन चालतं केलं, तर त्यातलं जुनं नेमकं किती उरतं? आणि त्याला जुनं का म्हणायचं? वर्कशॉपमध्ये काम केलेल्या प्रत्येक जवानाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. या एका परिसरात त्याची तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

आपलं चाकांवरचं घर

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडायची ट्रेलर-घरं १९३० च्या दशकापासून लोकप्रिय झाली. ॲल्युमिनियमची चकचकीत 'एअरस्ट्रीम' त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. आज तिथले लोक अशी जुनी ट्रेलर शेतातून, गोठ्यातून शोधून काढतात, सडलेली लाकडी जमीन उपटतात, एका गाडीची खिडकी दुसरीला बसवतात आणि पुन्हा प्रवासाला निघतात.

आपल्याकडे मोटारीमागचं घर कधी रुजलं नाही. आपलं चाकांवरचं घर रुळांवर होतं, आणि त्याचं नाव सलून. मराठी माणसाला सलून म्हटलं की न्हावी आठवतो, पण रेल्वेत सलून म्हणजे राहण्याचा डबा. झोपायची खोली, बसायची खोली, स्वयंपाकाची जागा, नोकरांसाठी कोपरा. तपासणीला निघालेला रेल्वेचा साहेब आठ-आठ दिवस त्यात राहायचा. डबा सायडिंगला लावायचा, दिवसभर लाईन तपासायची, रात्री तिथेच मुक्काम. संस्थानिकांची सलूनं याच कल्पनेची, फक्त थाट वेगळा.

संग्रहालयात अशी सलूनं जपलेली आहेत. प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेलं १८७५ चं, म्हैसूरच्या महाराजांचं १८९९ चं, आणि मराठी माणसाने मुद्दाम थांबून पाहावं असं बडोद्याच्या गायकवाडांचं १८८६ चं. गायकवाडांचं रेल्वेशी नातं याहून जुनं आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन पेलणार नव्हते, म्हणून सुरुवातीला डबे बैल ओढायचे! वाफेची इंजिनं नियमित चालायला पुढे अकरा वर्षं गेली.

हे बैल लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट खेचरांची आहे.

पतियाळाची एकरुळी गाडी

संग्रहालयाच्या आवारात एक विचित्र इंजिन आहे. समोरून पाहिलं की वाटतं, याची अर्धी चाकं कोणीतरी काढून नेली. मधोमध एका ओळीत तीन चाकं, ती एकाच रुळावर. आणि एका बाजूला, सायकल शिकणाऱ्या पोराच्या आधाराच्या चाकासारखं, एक मोठं लोखंडी चाक, जे रुळावर न चालता थेट रस्त्यावर चालतं. ही पतियाळा स्टेट मोनोरेल.

हिची जन्मकथा फौजी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या संस्थानाकडे इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स होते. संस्थानाने पोसायचे आणि युद्ध आलं की साम्राज्याच्या कामी पाठवायचे, अशी ती व्यवस्था. त्यात वाहतुकीसाठी शेकडो खेचरं होती. आता, ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये काम केलेल्या आपल्या जुन्या मंडळींना सांगायला नको, खेचर शांततेच्या काळातही तितकंच खातं. त्याला दाणा-वैरण, नाल, डॉक्टर सगळं लागतं, आणि कामाशिवाय उभं राहिलं की ते बिघडतं. मग ही खेचरं रोज कामाला का लावू नयेत?

संस्थानाचे इंजिनियर कर्नल बोल्स यांनी उत्तर काढलं. बंगाल नागपूर रेल्वेच्या बांधकामात त्यांनी एकरुळी गाडीचा वापर केलेला होता. ही 'इविंग' पद्धत. रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकायचा. गाडीचं जवळजवळ ९५ टक्के वजन त्या रुळावर, आणि उरलेलं चार-पाच टक्के बाजूच्या तोल सांभाळणाऱ्या चाकावर. लोखंडावर लोखंड फिरत असल्याने ओढायला ताकद कमी लागते, म्हणून साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त माल तेच जनावर ओढतं. शिवाय दोन रूळ समांतर ठेवायची कटकट नाही, वेगळी जमीन घ्यायला नको, भराव नको, वळणही अगदी छोटं जमतं. रस्त्यावरच्या बैलगाड्या रूळ ओलांडून खुशाल जाऊ शकतात.

१९०७ मध्ये सरहिंदच्या बाजूने ही गाडी सुरू झाली. दुसरा फाटा पतियाळाहून भवानीगढच्या दिशेने गेला. दोन्ही मिळून सुमारे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. मंडईचा माल आणि प्रवासी, दोन्ही चालायचे. खेचरांच्या जोडीला बर्लिनच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल या कारखान्यातून चार वाफेची इंजिनंही आली. वीस वर्षं हा संसार चालला. मग मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि १९२७ मध्ये गाडी बंद पडली.

बंद पडलेल्या गाडीचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहे. रूळ निघतात, लोखंड किलोवर जातं, लाकूड चुलीत जातं. पण इथे एक चमत्कार झाला, आणि चमत्काराचं कारण आहे सरकारी विस्मरण. इंजिनं आणि डब्यांचे सांगाडे पतियाळाच्या बांधकाम खात्याच्या शेडमध्ये पडून राहिले. ना कोणी लिलाव केला, ना कोणी विचारपूस. दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, संस्थान विलीन झालं, पतियाळा आधी पेप्सूत आणि मग पंजाबात गेलं. एवढी उलथापालथ झाली तरी शेडमधलं लोखंड जागच्या जागी! १९६२ च्या सुमारास रेल्वेचा इतिहास शोधणाऱ्यांची नजर त्यावर पडली. पुढे रेल्वे संग्रहालय उभं राहताना माइक सॅटो नावाचे इंग्रज गृहस्थ सल्लागार होते. नोकरीने उद्योगातले, पण जीव जडलेला इंजिनांवर. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्याने ही गाडी पुन्हा चालवायचं ठरलं.

काम आलं उत्तर रेल्वेच्या अमृतसर वर्कशॉपकडे. चारपैकी क्रमांक ४ चं इंजिन चालू स्थितीत आणलं गेलं. आणि सोबत एक डबा हवा, म्हणून मुख्य इंजिनियरच्या तपासणीचा खासगी डबा, म्हणजे छोटेखानी सलूनच, पुन्हा बांधला. हा डबा कसा बांधला ते महत्त्वाचं. खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला अंडरफ्रेम म्हणतात, तो जुना. वरचं सगळं नवं.

असं का होतं, ते सोपं आहे. ओतीव आणि जाड लोखंड पन्नास वर्षं गंज खाऊनही उभं राहतं, कारण गंज वरचा थर खातो आणि आत पुरेसा धातू उरतो. लाकूड तसं नाही. छताला एक भोक पडलं की पाणी झिरपतं, सांधे कुजतात, वाळवी येते, आणि वीस पावसाळ्यांत डबा आपल्याच वजनाने खाली बसतो. अमेरिकेतल्या जुन्या ट्रेलरचंही हेच. खालचा लोखंडी चॅसी बहुधा वाचतो, मेलेली असते ती लाकडी जमीन. म्हणून जगभर या कामाची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते: वरचं उतरवा, सांगाडा उघडा करा, आणि तो वजन पेलेल का ते आधी ठरवा.

इंजिनात प्रश्न बॉयलरचा. बाहेरून रंग मारून कोणतंही इंजिन देखणं होतं, पण बॉयलर म्हणजे दाबाखालचं भांडं. नळ्या बदलायच्या, पत्र्याची जाडी तपासायची, आधी थंड पाणी भरून दाब द्यायचा आणि गळती पाहायची. पाणी गळलं तर गळलं, पण वाफ फुटली तर माणूस जातो. तिथे जुनेपणाचा आग्रह चालत नाही. जो भाग सुरक्षित नाही तो कितीही ऐतिहासिक असो, बाहेर!

फेअरी क्वीन

दुसरं उदाहरण उलट्या टोकाचं. फेअरी क्वीन हे इंजिन १८५५ साली इंग्लंडमध्ये लीड्स इथे किटसन, थॉम्प्सन अँड ह्यूइट्सन यांनी बनवलं. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. ईस्ट इंडियन रेल्वेचं हे २२ क्रमांकाचं इंजिन हावडा ते राणीगंज टपालाच्या गाड्या ओढायचं. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारने याच लाईनवरून पलटणी हलवल्या आणि त्या कामातही हे इंजिन होतं. आपल्या इतिहासाची ती दुसरी बाजू. ज्या इंजिनाला आज आपण हार घालतो, त्याने एकेकाळी आपल्याच माणसांविरुद्ध फौज वाहून नेली आहे. इतिहासाची वस्तू जपायची म्हणजे हेही जपायचं, पुसायचं नाही.

१९०९ मध्ये ते निवृत्त झालं, बरीच वर्षं हावडा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर उभं राहिलं, मग चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं, आणि तिथून दिल्लीच्या संग्रहालयात. १९९७ मध्ये ते पुन्हा चालतं झालं आणि ८८ वर्षांनी प्रवासी घेऊन निघालं, दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर. जगातलं नियमित सेवेतलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंद झाली.

आणि मग २०११ मध्ये चोरांनी ते लुटलं. पितळ, तांबं, जे जे सोडवता येईल ते ते गेलं. महत्त्वाचे पन्नासच्या आसपास भाग गायब. दीडशे वर्षांच्या इंजिनाचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. कॅटलॉग नाही, डेपो नाही, इंडेंट करणार कोणाकडे? इंजिन चेन्नईच्या पेरांबूर लोको वर्क्सला गेलं. हे वर्कशॉप १८५६ चं, म्हणजे इंजिनापेक्षा फक्त एका वर्षाने लहान. याच कारखान्याने २०१० मध्ये फेअरी क्वीनचं भावंड, ईस्ट इंडियन रेल्वेचं २१ क्रमांकाचं इंजिन, चालतं केलेलं होतं, त्यामुळे हात तयार होते. गेलेले भाग तिथे नव्याने घडवले गेले, बॉयलरचंही काम झालं. २०१७ मध्ये फेअरी क्वीन पुन्हा रुळावर आली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पतियाळाची गाडी सगळे विसरले, म्हणून वाचली. फेअरी क्वीन सगळ्यांना माहीत होती, पुरस्कार होते, विक्रम होता, आणि तरी ती लुटली गेली. जपणुकीची घोषणा केली म्हणजे जपणूक झाली असं नाही. रंग देऊन फलक लावला की पहारा संपत नाही, तिथे तो सुरू होतो. स्क्रॅपच्या भावाने पितळ मोजणाऱ्याला १८५५ आणि १९५५ मधला फरक कळत नाही. तो फरक ज्याला कळतो, त्यानेच रात्री कुलूप तपासायचं असतं.

नाव तेच, गाडी नवी

तिसरं उदाहरण पॅलेस ऑन व्हील्स. २६ जानेवारी १९८२ ला ती सुरू झाली तेव्हा डबे खरोखर जुने होते. राजपुतान्याचे राजे, बडोदा, हैदराबादचा निजाम, व्हाइसरॉय, अशांची सलूनं जोडून गाडी केलेली. पण शाही लाकूड किती दिवस पर्यटकांचा भार सोसणार? १९९१ मध्ये नवे डबे आले, आणि पुढे मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आल्यावर १९९५ मध्ये पुन्हा नवे. आज सफदरजंगला उभी असते तिच्यात राजाचा डबा एकही नाही. आहे ते नाव, नक्षी आणि आदबशीर नोकरवर्ग. २००४ पासूनची आपली महाराष्ट्राची डेक्कन ओडिसी तर पहिल्यापासूनच नव्या डब्यांची. यात फसवणूक नाही. ती प्रवासाची चैन आहे, आणि चैन म्हणून छान आहे. फक्त तिला वारसा म्हणताना जरा थांबावं.

म्हणजे तीन प्रकार झाले. पतियाळाचा डबा: हाडं जुनी, अंग नवं. फेअरी क्वीन: अंग जुनं, बरेच अवयव नवे. पॅलेस ऑन व्हील्स: सगळं नवं, नाव जुनं.

यातलं खरं कोणतं? हा वाद आपल्या देशाला नवा नाही. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कळतं ते असं की रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. मिलिंदाची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट, पतियाळाहून फार दूर नाही. मराठवाड्यातल्या वाचकांना नागसेन ओळखीचा आहेच. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाचं नाव मिलिंद, आणि त्या परिसराचं नाव नागसेनवन.

फौजेत हे आपण रोज जगतो. पलटणीत दोनशे वर्षांपूर्वीचा एकही जवान नाही, एकही रायफल नाही, गणवेशही तो नाही. तरी पलटण तीच, कारण नोंद सलग आहे, रिवाज सलग आहे, आणि येणाऱ्याला जाणाऱ्याने हातात हात देऊन काम शिकवलेलं आहे. वर्कशॉपचंही तसंच. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी ओव्हरहॉलला आलेली गाडी पूर्ण खोलली जाते आणि भाग वेगळे होतात: चालणारे, दुरुस्त होणारे, आणि ज्यांच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही असे. एका गाडीचा भाग दुसरीला लागतो. शेवटी बाहेर पडते ती गाडी तिच्या नंबरने ओळखली जाते, आणि काय बदललं ते कागदावर असतं.

म्हणून माझ्या मते जुन्या गाडीचा खरेपणा दोन गोष्टींवर तपासावा. एक, सलग नोंद आहे का? कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या गाडीतला, कोणता नवा, हे कोणी लिहून ठेवलंय का? दोन, नवा भाग घडवणाऱ्या हातांनी जुन्याचं काम समजून घेतलंय का, की फक्त दिसायला तसं केलंय? अमृतसरच्या कामगारांनी जुन्या अंडरफ्रेमवर डबा बांधला आणि तो तसा बांधला आहे हे सांगितलं जातं, म्हणून तो डबा इतिहास आहे. तोच डबा कोणी पूर्ण मूळचा म्हणून दाखवला असता, तर तो सिनेमाचा सेट झाला असता.

निवृत्त मंडळींसाठी एक विनंती. आपल्या युनिटच्या, गावच्या, साखर कारखान्याच्या शेडमध्ये अजूनही काहीतरी पडून असेल. जुना वॉटर ट्रेलर, विलीज जीप, उसाच्या छोट्या रेल्वेचा एखादा डबा. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात आज शाळेची पोरं ज्या गाड्यांवर हात ठेवतात, त्या सगळ्या कधीतरी कोणाच्या तरी दृष्टीने भंगारच होत्या. तुमच्या शेडमधली वस्तू रंगवायची घाई नको. आधी फोटो काढा, नंबराची पट्टी शोधा, ती कोणी चालवली त्या म्हाताऱ्याशी बोला आणि लिहून ठेवा. लोखंड थांबेल. ते चालवलेली माणसं थांबणार नाहीत.

दिल्लीला आलात तर सोमवार सोडून कोणत्याही दिवशी संग्रहालयात जा. एकरुळी इंजिनापाशी खाली वाकून डब्याचा सांगाडा बघा. खेचरांच्या काळातलं लोखंड आहे ते.